मुंबई-गोवा : एक अंतरमीमांसा

मनुष्यजातीने आजवर ज्या असंख्य संख्या मोठ्या परिश्रमाने जमवून ठेवल्या, त्यांमध्ये दोन विमानतळांमधील अंतराइतकी निष्पाप, निर्विकार आणि व्यवहारात निरुपयोगी संख्या दुसरी आढळणे कठीण. मुंबईच्या सांताक्रूझ-सहार येथील विमानतळापासून गोव्याच्या दाबोळी विमानतळापर्यंतचे अंतर सरळ रेषेत मोजले, तर ते सुमारे ४२३ किलोमीटर भरते. या संख्येस ना पावसाळा ठाऊक, ना कशेडीचा घाट, ना महामार्गाच्या रुंदीकरणाचे ते काम, जे पाहत पाहत कोकणातील एक पिढी लहानाची मोठी झाली. अक्षांश-रेखांशांच्या दोन जोड्या कागदावर मांडाव्या, पृथ्वी गोल आहे हे एकवार मान्य करावे, आणि थोडीशी त्रिकोणमिती पणास लावावी; की ही संख्या कोणासही घरबसल्या हस्तगत होते. शिवाय ती आदिलशाहीच्या अमदानीत जेवढी होती तेवढीच पोर्तुगीजांच्या अमलात राहिली, आणि तेवढीच आजही आहे. आदिलशाहीत विमानतळ नव्हते, एवढ्या क्षुल्लक कारणावरून भूमिती आपला निकाल फिरवीत नाही.

वेळेची गोष्ट अगदी निराळी. अंतर हा भूमितीचा प्रांत असला, तरी वेळ हा कारभाराचा प्रांत आहे. आणि कारभार म्हटला की त्यात हुकूम आले, हजेरी आली, शिक्के आले, तपासणी आली, आणि या सर्वांच्या पाठोपाठ येणारी व कधीही न चुकणारी रांग आली. म्हणूनच ‘गोवा किती लांब?’ या प्रश्नास शास्त्रज्ञ एका आकड्यात उत्तर देतो, आणि संसारी मनुष्य उत्तर देण्यापूर्वी ‘कोणत्या महिन्यात?’ असे उलट विचारतो.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’मध्ये त्रैराशिकाची रीत इतक्या प्रसन्नपणे समजावून दिली आहे, की ती वाचून जगातील प्रत्येक व्यवहार तीन राशींत बसतो असा भ्रम सज्जन वाचकास सहज व्हावा. या भ्रमाच्या आहारी जाऊन हिशेब मांडला तर तो असा होतो : जेट विमान उंचावर गेले म्हणजे ताशी सुमारे आठशे किलोमीटर चालते, अंतर ४२३ किलोमीटर, सबब प्रवास बत्तीस मिनिटांचा. परंतु कोणत्याही कंपनीचे वेळापत्रक उघडून पाहावे, तर तेथे या प्रवासास सवा तास किंवा त्याहूनही थोडा अधिक अवधी नमूद केलेला असतो. मधली त्रेचाळीस मिनिटे गेली कोठे, त्यांचा अपहार कोणी केला, आणि त्यांपैकी किती वसूल होण्याजोगी आहेत, याची रीतसर चौकशी करणे अगत्याचे आहे.

प्रथम संशय जातो तो सरळ रेषेवर. गोलावर सरळ रेषा म्हणून काही नसतेच. असते ते बृहद्वृत्त, म्हणजे पृथ्वीच्या मध्यातून कापलेल्या वर्तुळाचा कंस, आणि दोन गावांमधील सर्वांत जवळचा मार्ग तोच. मुंबई-गोव्यासारख्या माफक अंतरात हे वर्तुळ आपला स्वभाव फारसा प्रकट करीत नाही. परंतु मुंबईहून न्यूयॉर्कचा मार्ग काढू लागताच ते आपले खरे रूप दाखविते. मुंबई एकोणीस अंशांवर, न्यूयॉर्क सुमारे एकेचाळीस अंशांवर. तेव्हा मार्ग पश्चिमेस अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक असा निमूटपणे जावा अशी आपली भाबडी अपेक्षा. प्रत्यक्षात बृहद्वृत्त मुंबई सोडताच वायव्येकडे, किंबहुना उत्तरेकडेच अधिक झुकून निघते, आणि चौसष्ट अंशांच्याही पलीकडे, उत्तर ध्रुववृत्ताच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन मग खाली उतरते. समोरच्या पडद्यावर ही कमान पाहून मुलाकडे प्रथमच निघालेले वडील, अनोळखी गावात रिक्षावाल्याकडे पाहावे त्या नजरेने, वैमानिकाच्या बंद दाराकडे पाहू लागतात. आणि हा लांबून नेतो आहे याविषयी त्यांची इतकी खात्री झालेली असते, की हाच मार्ग सर्वांत जवळचा आहे असे सांगणाऱ्या शेजाऱ्यास ते कंपनीचा माणूस समजतात. वास्तविक दोष वैमानिकाचा नसून, गोल पृथ्वीस चौकोनी कागदावर ताणून बसविणाऱ्या नकाशाचा असतो. पण नकाशावर रागावण्याची प्रथा आपल्याकडे नाही.

सरळ रेषा निर्दोष सुटली, म्हणजे चौकशीचा रोख धावपट्टीकडे वळतो. विमानास शक्य तो वाऱ्याकडे तोंड करून उडावे लागते आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरावे लागते. हा निसर्गाचा शिरस्ता असून त्यात शिफारसपत्र चालत नाही. मुंबईत वारा बहुधा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. परिणाम असा, की दक्षिणेकडील गोव्यास जाणारे विमान प्रथम जुहूच्या किनाऱ्यावरून पश्चिमेस अरबी समुद्राकडे प्रयाण करते, आणि तेथे पुरेसे पाणी पाहून झाल्यावर मग डावीकडे वळून गोव्याची आठवण ठेवते. गोव्याहून येणारे विमान दक्षिणेकडून येत असले, तरी त्याला थेट आत घेत नाहीत. ते शहरास वळसा घालून पूर्वेस जाते आणि घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांवरून पश्चिमाभिमुख होऊन उतरते. त्यातच मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. यामुळे कागदोपत्री दोन असूनही, बहुतेक वेळ एकीवरच सारा संसार चालतो. आणि जागेसाठी ताटकळणारी विमाने आकाशात प्रदक्षिणा घालीत राहतात. या प्रदक्षिणांचे पुण्य कोणाच्या खात्यावर जमा होते हे कळत नाही. इंधनाचा खर्च मात्र तिकिटाच्या खात्यावर निश्चित जमा होतो.

तरीही त्रेचाळीस मिनिटांचा पूर्ण जमाखर्च लागत नाही. मुंबई-गोव्यासारख्या आखूड प्रवासात विमान चढते आणि चढणे संपते न संपते तोच उतरू लागते. ताशी आठशेची ऐट त्यास थोडाच वेळ मिरविता येते. हवेतील प्रत्यक्ष काल पाऊण तासाच्या आसपास असतो. उरलेली एक घटका अन् वरची मिनिटे कोठे दडली आहेत हे समजण्यास वेळापत्रकाचा खासगी कायदा ठाऊक असावा लागतो. वेळापत्रकातील वेळ म्हणजे हवेत राहण्याची वेळ नव्हे. निघण्याच्या ठिकाणी चाकांपुढचे ठोकळे काढले, की घड्याळ सुरू होते. आणि पोहोचण्याच्या ठिकाणी पुन्हा ठोकळे लावले, की ते थांबते. या दोन ठोकळ्यांच्या दरम्यान विमान जमिनीवर जेवढे सरपटेल, धावपट्टीच्या तोंडाशी इतर विमानांमागे जेवढे तिष्ठत राहील, तेवढे सर्व ‘प्रवास’ या सदरात दाखल होते. शिवाय अनुभवी कंपन्या या अवधीत आणखी थोडी शिल्लक भर घालून ठेवतात. हिचा उद्देश उदात्त आहे. विमान नेहमीप्रमाणे रेंगाळले तरी ते वेळेवर ठरावे, आणि एखाद्या शुभदिनी रेंगाळले नाही तर ते वेळेआधी पोहोचल्याची घोषणा करता यावी! त्याही पलीकडे, पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर हा हिशेबात उशीरच धरीत नाहीत. ज्या सरकारी कचेरीत साडेदहास हजर राहावयाचे तेथे पावणेअकरास येणाऱ्या कारकुनास लेटमार्क मिळतो, आणि तोच कारकून विमानाने गोव्यास पंधरा मिनिटे उशिरा पोहोचला तर तो वेळेवर पोहोचला असे अधिकृत दप्तरात नमूद होते. समतेचे युग अद्याप आकाशातून जमिनीवर उतरावयाचे आहे.

लांबच्या प्रवासात वारा आणि घड्याळ हे दोन साक्षीदार आणखी गुंतागुंत निर्माण करतात. मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, आणि लंडन ते मुंबई हे अंतरही, भूमितीच्या न्यायासनासमोर, तेवढेच. परंतु दहा-बारा किलोमीटरांच्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या प्रबळ वाऱ्यांचे पट्टे असल्यामुळे जाताना विमान त्यांच्याशी झुंजते आणि येताना त्यांच्यावर स्वार होते. विलायतेस जाणे कष्टाचे आणि परत येणे सुलभ, ही गोष्ट निसर्गाने योजून ठेवली असली, तरी तिचा लाभ घेऊन कायमचे परत येणाऱ्यांची संख्या फारशी वाढलेली दिसत नाही. घड्याळाची करामत तर याहून मोठी : हिवाळ्यात साडेपाच तासांचे आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचे जे अंतर दोन देशांच्या घड्याळांमध्ये आहे, त्यामुळे पहाटे निघालेला प्रवासी नऊ-दहा तास बसूनही सकाळीच पोहोचतो, आणि त्या दिवशी त्याच्या वाट्यास दोन न्याहाऱ्या येतात. अर्थात असल्या चमत्कारासाठी परदेशी जाण्याची गरज पूर्वी नव्हती. १९०६ साली सर्व हिंदुस्थानासाठी एक प्रमाणवेळ मुक्रर झाली, तरी मुंबई शहराने आपली स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत जतन केली होती, आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. म्हणजे आज वेळापत्रकात हरवलेली जी त्रेचाळीस मिनिटे आपण शोधीत आहोत, त्यांपैकी एकोणचाळीस मुंबईकरांना एके काळी केवळ नगरनिष्ठेपोटी मिळत असत.

हे सारे पाल्हाळ नाहीसे करून, अंतर आणि वेळ यांचा संबंध शुद्ध स्वरूपात पाहावयाचा असेल, तर स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहात जावे लागेल. तेथे वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये लोगनएअर या कंपनीची विमानसेवा १९६७ पासून चालू आहे. अंतर २.७ किलोमीटर, म्हणजे मुंबईची मोठी धावपट्टी या संपूर्ण प्रवासापेक्षा लांब आहे. वेळापत्रकात प्रवासाचा अवधी दोन मिनिटे लिहिलेला असून, वारा अनुकूल असताना हे अंतर ५३ सेकंदांत कापल्याची नोंद आहे. आपल्याकडे एवढ्या वेळात पट्टा कसा बांधावा याची सूचना हिंदीतून संपून इंग्रजीतून सुरू होते. त्या बेटांवर शिक्षक, डॉक्टर आणि शाळकरी मुले या विमानाने जा-ये करतात, आणि त्यात त्यांना काही विशेष वाटत नाही.

परंतु वेळ ही केवळ यंत्रांच्या अधीन नसून राज्यांच्याही अधीन असते, याचा पुरावा त्याच ४२३ किलोमीटरांच्या इतिहासात आहे. भाऊच्या धक्क्यावरून निघणारी आगबोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशा बंदरांचा परामर्श घेत पणजीस जावयास जवळजवळ एक अहोरात्र घेई. आणि त्यातील कित्येक प्रवासी तो वेळ रेलिंगवर वाकून, स्वतःच्या पोटाशी संवाद करण्यात घालवीत. रेल्वेने जावे तर पुणे, मिरज, लोंढा असा फेरा घालून कॅसलरॉकला सरहद्दीची तपासणी देऊन मग कुळ्याकडे उतरावे लागे. आणि १९५५ मध्ये सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्यावर भारत सरकारने सरहद्द बंद केली, तेव्हा तर मुंबई-गोवा प्रवासाचा अवधी कोणत्याही वेळापत्रकात मावेनासा झाला. त्याच वर्षी पोर्तुगीजांनी गोव्यात आपली स्वतंत्र विमान कंपनी काढली, आणि दाबोळीहून विमाने कराचीस जाऊ लागली. म्हणजे गोवेकरास परकीय कराची काही तासांवर, आणि जेथे त्याचा भाऊ, भावोजी आणि निम्मे गाव नोकरीस होते ती मुंबई मात्र अप्राप्य! १९६१ च्या डिसेंबरात भारतीय हवाई दलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले, १९ तारखेस गोवा मुक्त झाला, आणि अनंत असलेला अवधी पुन्हा तासांमध्ये मोजता येऊ लागला. कोकण रेल्वेने १९९८ साली उरलेले फेरेही मिटविले. या सर्व उलथापालथीत अंतर एका मीटरनेही हलले नाही. भूमितीच्या निर्विकारपणाची कधी कधी चीड येते ती अशी.

मुंबईच्या बाजूनेही प्रारंभ काही फार दिमाखात झाला नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे आपल्या चिमुकल्या विमानाने जुहूस उतरले, आणि या देशाच्या हवाई टपालसेवेचा श्रीगणेशा झाला. पण पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. सबब त्या चार महिन्यांत सारा बाडबिस्तरा विमानांसह पुण्यास हलविण्यात येई, आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावरून उड्डाणे होत. पावसाळ्यात मुंबईकराने पुण्याचा आश्रय घ्यावा, हा प्रकार पुणेकरांनी फारसा बोलून दाखविला नाही, याची इतिहासाने नोंद घ्यावयास हवी.

आता तर या प्रश्नास एक नवेच वळण लागले आहे. गोव्यात पेडणे तालुक्यातील मोपा येथे दुसरा विमानतळ झाला, आणि मुंबईसही नवी मुंबईचा विमानतळ लाभला. तेव्हा ‘मुंबई ते गोवा किती अंतर?’ या एका प्रश्नास आज किमान चार उत्तरे आहेत. आणि चारही बरोबर असल्यामुळे, कोणत्याही घरात वाद मिटण्याची शक्यता उरलेली नाही. मोपा उत्तरेस असल्याने मुंबईहून तेथील हवाई अंतर दाबोळीपेक्षा सुमारे चाळीस किलोमीटरांनी कमी भरते. हे कळताच सावंतवाडी-बांद्याकडील मंडळी प्रसन्न होतात, आणि मडगावचा मनुष्य स्वस्त तिकीट पाहून त्यांच्या आनंदात सामील होतो. विमानातून उतरल्यावर त्यास उमगते की आकाशात वाचलेले चाळीस किलोमीटर आता जमिनीवर, टॅक्सीच्या दराने आणि चक्रवाढ व्याजासह, फेडावयाचे आहेत. मुंबईच्या दोन विमानतळांमधील हवाई अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आत आहे. ऑर्कनीच्या वैमानिकास हे सांगितले तर तो दहा मिनिटांचे तिकीट फाडील, परंतु संध्याकाळच्या सुमारास त्या दोहोंमध्ये मोटारीने प्रवास करणाऱ्या गृहस्थाने बरोबर डबा ठेवणे इष्ट.

आता शेवटचा, म्हणजे खरा हिशेब. डोंबिवलीचा एक भाचा मडगावच्या मावशीकडे विमानाने निघतो असे समजू. घरातून विमानतळ गाठण्यास, वाहतुकीची धास्ती धरून, दीड तास. कंपनीच्या आज्ञेनुसार उड्डाणापूर्वी दोन तास हजेरी; या दोन तासांत ओळखपत्राची पडताळणी, सामानाचे वजन, आणि सुरक्षा-तपासणीच्या पवित्र विधीत कमरेचा पट्टा, घड्याळ व स्वाभिमान हे तिन्ही एका तबकात ठेवून दोन्ही हात पसरून उभे राहणे, यांचा समावेश होतो. याच ठिकाणी कोकणी मनुष्यावर एक विशेष प्रसंग ओढवतो : सुके खोबरे हे आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांच्या यादीत असल्यामुळे, ज्या वाटीचे वाटण केल्यावाचून त्याच्या घरी चूल पेटत नाही, तीच वाटी विमान पेटवील म्हणून बाजूस काढण्यात येते. पुढे वेळापत्रकातला सवा तास. उतरल्यावर फिरत्या पट्ट्यासमोर, इतरांच्या बॅगा सहर्ष आणि आपली बॅग साशंक मुद्रेने पाहण्यात अर्धा तास. तेथून मडगावास पाऊण तास. एकूण सहा तास. ४२३ भागिले सहा केले, तर वेग ताशी सत्तर किलोमीटर येतो. ज्या यंत्रासाठी मनुष्याने गरुडाचा हेवा केला, ज्याच्यासाठी किती एक साहसी पुरुष प्राणास मुकले, त्याचा दारापासून दारापर्यंतचा वेग एका सुस्थितीतील मोटारीएवढा भरावा, ही गोष्ट विज्ञानाने नव्हे, तर कारभाराने सिद्ध करून दाखविलेली आहे.

तथापि विमानाची निंदा करण्याचा हा खटाटोप नाही. आगबोटीच्या अहोरात्रापुढे सहा तास हा सौदा किफायतशीरच आहे, आणि घाईने मावशीस भेटावयाचे असेल तेव्हा तर त्यास तोड नाही. चौकशीअंती एवढाच निर्णय द्यावासा वाटतो, की हरवलेल्या त्रेचाळीस मिनिटांचा अपहार कोणीही केलेला नाही. ती वारा, धावपट्टी, ठोकळे आणि वेळापत्रकाची दूरदृष्टी यांमध्ये न्याय्य प्रमाणात वाटली गेली असून, वसूल होण्याजोगी नाहीत. म्हणून यापुढे कोणी ‘विमानाने किती वेळ लागतो?’ असे विचारले, तर वाचकांनी वेळापत्रक पुढे करू नये. आपल्या उंबऱ्यापासून त्यांच्या उंबऱ्यापर्यंतचा हिशेब सांगावा. आणि गोव्यातील तमाम मावश्यांना विनंती अशी, की “मावशी, विमान उतरलं हां!” असा फोन आला म्हणून लगेच भात टाकू नये, बॅग हातात आल्याचा दुसरा फोन येईल, त्यानंतरच तांदूळ धुवावे.